प्रीमियम रायफल स्कोपची निवड

रायफल स्कोप म्हणजे रायफलीवर बसवलेली दुर्बीण. तिच्या आत नेम धरायला क्रॉसहेअर, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा, किंवा खुणांची जाळी असते, त्या जाळीला रेटिकल म्हणतात. प्रीमियम हा काही अधिकृत दर्जा नाहीये, कोणी तपासून शिक्का मारत नाही, त्यामुळे जाहिरातीत सगळेच प्रीमियम असतात. नेमबाजांच्या बोलण्यात मात्र त्याचा अर्थ बऱ्यापैकी पक्का आहे, काच चांगली, कोटिंग चांगलं, आणि टरेट, म्हणजे नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे करायची गोल मूठ, जेवढा फिरवला तेवढंच रेटिकल सरकतं, शेकडो धक्के खाऊनही झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी यांची जुळवून ठेवलेली जागा, हलत नाही. ऑस्ट्रियाचे स्वारोव्स्की आणि काहलेस, जर्मनीचे झाइस आणि श्मिट अँड बेंडर, अमेरिकेचे ल्युपोल्ड आणि नाइटफोर्स, जपानचा मार्च ही नावं या गटात कायम येतात. काहलेस १८९८ पासूनची कंपनी आहे. तिच्याही आधी १८५५ मध्ये विल्यम माल्कमने न्यूयॉर्क राज्यातल्या सायराक्यूजमध्ये स्कोप बनवायला सुरुवात केली होती, ते जवळजवळ रायफलीच्या नळीएवढे लांब असायचे.

घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी झूमचा आकडा बघतो, आणि माझ्या मते तोच आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो. स्कोपवर ३-१२×५० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ३ पट ते १२ पट झूम आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिमी. भिंगाच्या व्यासाला झूमने भागलं की आयपीसमधून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८×५६ स्कोपचा हा गोल ७ मिमी येतो, आणि तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते, म्हणून युरोपात मचाणावर बसून संधिप्रकाशात रानडुकराची वाट बघणारे शिकारी पिढ्यानपिढ्या ८×५६ वापरत आले. वय वाढलं की बाहुली तेवढी उघडत नाही, ५ मिमीच्या आसपास थांबते, मग ५६ चं जड भिंग घेऊन वरचा प्रकाश वायाच जातो. उलट २५ पटीवर ५० मिमी भिंगाचा गोल फक्त २ मिमी उरतो, भर उन्हात काही बिघडत नाही पण डोकं केसभर इकडेतिकडे झालं की चित्र काळं होतं, आणि संध्याकाळी तर बघायलाच नको.

काच आणि प्रकाश

दिवसा दुपारी स्वस्त आणि महाग स्कोप शेजारी शेजारी ठेवून बघितले तर फरक फारसा जाणवत नाही, आणि तिथेच बरेच लोक म्हणतात की पैसे फुकट आहेत. फरक कळतो तो सूर्य मावळल्यावरच्या शेवटच्या अर्ध्या तासात, किंवा सूर्य समोर असताना. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन जातो, आणि स्कोपच्या आत अशी पृष्ठं डझनभर किंवा जास्तच असतात, म्हणजे कोटिंगच नसेल तर निम्म्याच्या आसपास प्रकाश वाटेतच संपेल, आणि तो नुसता संपत नाही तर आत इकडून तिकडे आपटून चित्र धुरकट करतो. यावरचा उपाय १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने काढला, भिंगावर अतिशय पातळ थर चढवायचा. आता असे अनेक थर एकावर एक असतात आणि चांगल्या स्कोपमधून ९० टक्क्यांच्या वर प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. पण इथे एक गोम आहे, ९२ टक्के आणि ९४ टक्के यातला फरक डोळ्याला कळत नाही. कळतो तो कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद झुडपाच्या पुढे उभं असलेलं गडद जनावर सुटून दिसतं की नाही, आणि त्याचा आकडा कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो.

काचेचा दुसरा प्रश्न रंगांच्या किनारीचा. जास्त झूमवर पांढऱ्या कागदावरच्या काळ्या गोलाला जांभळी किंवा हिरवी कड दिसायला लागते, ती कमी करायला ईडी काच, म्हणजे रंग कमी फाकवणारी काच, वापरतात. शिकाऱ्याला याची फारशी चिंता नको, टार्गेटवाल्याला मात्र हवी कारण त्याला दूरच्या कागदावरचं भोक शोधायचं असतं.

३० मिमीची ट्यूब १ इंचाच्या ट्यूबपेक्षा जास्त प्रकाश देते असा एक समज फार पसरलेला आहे. तसं काही नाही. जाड ट्यूबमध्ये आतल्या नळीला हलायला जागा जास्त मिळते, म्हणून टरेटची रेंज, म्हणजे नेम किती सरकवता येतो ते, वाढते, आणि लांब पल्ल्यावर गोळी खूप खाली पडते तेव्हा ती रेंज लागते. ३४ मिमीच्या ट्यूब याचसाठी आल्या. २००-२५० मीटरच्या आतच शिकार करणाऱ्याला त्या जाडीचं फक्त वजन मिळतं.

टरेट, क्लिक आणि खरी परीक्षा

टार्गेटच्या स्कोपचे पैसे खरं तर इथे जातात. टरेट फिरवताना टक्‌टक्‌ करत एकेक पायरी सरकतो, तो एक क्लिक, आणि क्लिक दोन मापांत येतात. १ एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर १.०४७ इंच किंवा १०० मीटरवर २.९ सेंमी, आणि बहुतेक टरेट पाव एमओएचे असतात. दुसरं माप मिल, १०० मीटरवर १० सेंमी, आणि ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे तिथे बरोबर १ सेंमी. कुठलं चांगलं यावर लोक तासन्‌तास भांडतात, माझ्या मते मीटरमध्ये विचार करणाऱ्याने मिल घ्यावा आणि विषय संपवावा, फक्त रेटिकल आणि टरेट दोन्ही एकाच मापाचे हवेत. जुन्या स्कोपमध्ये मिलचं रेटिकल आणि एमओएचे टरेट अशी जोडी सर्रास असायची, मग प्रत्येक वेळी ३.४४ ने गुणाकार करत बसा.

क्लिक बरोबर सरकतो का हे तपासायची पद्धत सोपी आहे. १०० मीटरवर उंच कागद लावायचा, ओळंबा धरून त्यावर उभी रेघ मारायची, रायफल घट्ट बसवायची आणि टरेट १० मिल फिरवायचा. रेटिकल बरोबर १ मीटर सरकलं पाहिजे आणि रेघ सोडता कामा नये. समजा २ टक्के चूक निघाली, तर १०० मीटरवर ती कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण १००० मीटरसाठी १० मिल चढवले की तीच चूक २० सेंमीची होते आणि नेमबाज वाऱ्याला शिव्या देत बसतो. परत शून्यावर आणल्यावर गोळी पहिल्याच जागी लागते का तेही बघायचं. झिरो स्टॉप असेल तर टरेट झिरोच्या खाली फिरतच नाही, अंधारात किंवा स्पर्धेच्या गडबडीत एक पूर्ण फेरा चुकण्याचा धोका जातो. शिकारीत मात्र उघडे मोठे टरेट त्रासच देतात, पट्ट्याला किंवा कपड्याला घासून आपोआप फिरतात, तिथे झाकण असलेले टरेट बरे.

रेटिकल कुठल्या प्लेनमध्ये

फर्स्ट फोकल प्लेन, म्हणजे एफएफपी, यात झूम केलं की रेटिकलही मोठं होतं, त्यामुळे त्यावरच्या खुणांचं माप कुठल्याही झूमवर खरं असतं. सेकंड फोकल प्लेनमध्ये, म्हणजे एसएफपीत, रेटिकल तेवढंच दिसतं आणि खुणांचं माप एकाच झूमवर बरोबर असतं, बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या. ६-२४ च्या एसएफपी स्कोपवर १२ पटीला आलात की १ मिलची खूण २ मिल दाखवते, हे विसरलं की नेम चुकलाच. मग सगळे एफएफपीच का घेत नाहीत, तर खालच्या झूमवर एफएफपीचं रेटिकल इतकं बारीक होतं की संध्याकाळी झाडीत दिसत नाही, आणि वरच्या झूमवर ते लक्ष्याबरोबरच जाड होत जातं, एसएफपीसारखं लक्ष्याच्या मानाने बारीक होत नाही, त्यामुळे एफ-क्लासमधला, म्हणजे रायफल टेकवून लांब पल्ल्यावर मारायच्या स्पर्धेतला, मधला एक्स गोल, जो जेमतेम अर्ध्या एमओएचा असतो, त्यावर नेमका नेम धरणं अवघड जातं. त्यामुळे वेळेच्या दडपणाखाली वेगवेगळ्या अंतरांवर मारणाऱ्यांना एफएफपी, आणि एकाच अंतरावर शांतपणे मारणाऱ्यांना किंवा जंगलात फिरणाऱ्यांना एसएफपी. शिकारीसाठी रेटिकल साधंच हवं, बाहेर जाड आणि मध्ये बारीक, मध्ये उजेडाचा ठिपका असेल तर उत्तमच, पण तो ठिपका पुरेसा मंद करता आला पाहिजे नाहीतर अंधारात डोळाच दिपतो. खुणांनी भरलेलं झाडासारखं रेटिकल दुकानात भारी वाटतं, जनावर समोर आल्यावर कुठली खूण कशाची हे आठवत नाही.

पॅरॅलॅक्सचा बाऊ थोडा जास्त होतो. डोकं हललं की क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकल्यासारखं दिसतं तो पॅरॅलॅक्स. बऱ्याच शिकारी स्कोपमध्ये तो १०० मीटरला पक्का केलेला असतो, ४० मिमीच्या भिंगाने २०० मीटरवर यातून येणारी चूक फार तर २ सेंमीची, शिकारीत ती चालून जाते. टार्गेटला पॅरॅलॅक्स जुळवायची बाजूची फिरकी लागतेच, आणि तिच्यावर छापलेल्या अंतरांवर भरवसा न ठेवता डोकं हलवून खात्री करायची.

शिकार आणि टार्गेट एकाच स्कोपमध्ये?

जमतं, पण दोन्हीकडे थोडी तडजोड करून. शिकारीला वजन कमी, खालचं झूम कमी आणि दिसणारं क्षेत्र मोठं लागतं. हाकाऱ्याच्या शिकारीत पळतं जनावर पकडायला १-६ किंवा १-८×२४ असे स्कोप त्यासाठीच असतात. टार्गेटचा स्कोप किलोभर वजनाचा असला तरी चालतो कारण रायफल टेकवलेलीच असते. उन्हात जमिनीवरून हवा तापून लहरायला लागली की ४० पटीचं झूम असणारेही खाली उतरतात, त्या लहरी झूमबरोबर मोठ्या होतात. दोन्हीसाठी एकच घ्यायचा असेल तर ३-१८ किंवा ४-१६ च्या आसपासचा, ५० मिमीपर्यंतचा, साध्या रेटिकलचा बघावा. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या ऑलिंपिक प्रकारांत स्कोप चालतच नाही, तिथे छिद्राची साईट असते, तेव्हा त्या वाटेने जाणाऱ्याने इथे पैसे घालू नयेत. आणि कितीही भारी स्कोप असला तरी त्याने टेहळणी करायची नाही, जिकडे स्कोप तिकडे नळी, समोर माणूस निघाला तर? त्यासाठी साधी दुर्बीण वेगळी ठेवायची.

डोळा आणि आयपीस यातलं अंतर, आय रिलीफ, साधारण ९ सेंमी असावं, मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर जरा जास्तच, नाहीतर धक्क्याने आयपीसची कड भुवईवर बसते आणि चंद्रकोरीची खूण राहते. स्प्रिंगवाल्या एअर रायफलीचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडून येतो, त्यामुळे बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपही तिच्यावर बिघडू शकतो, कंपनीने एअर रायफलसाठी चालेल असं स्पष्ट म्हटलं असेल तरच लावावा. ट्यूबमध्ये नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, त्यामुळे आतून वाफ धरत नाही. बाहेरच्या काचेवर श्वासाची वाफ येतेच, त्याला कुठला गॅस काही करू शकत नाही.

माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंग आणि बैठकीवर, पैसे वाचवणारे खूप आहेत. महाग स्कोप हलक्या रिंगमध्ये बसवला की झिरो भटकतो आणि दोष काचेला दिला जातो. रिंगचे स्क्रू टॉर्कच्या पान्यानेच आवळायचे, साधारण २ न्यूटन-मीटरच्या आत, नक्की आकडा माउंट आणि स्कोप बनवणारे देतात आणि दोन्हीतला कमी असेल तो पाळायचा, कारण जास्त आवळलं तर ट्यूब दबते आणि आतलं झूम अडकायला लागतं. लांब पल्ल्यासाठी २० एमओए उताराची रेल, म्हणजे माउंट बसवायची पट्टी, लावली की टरेटची जी रेंज खालच्या बाजूला पडून असते ती वर वापरता येते. रेटिकल उभ्या रेषेत आहे ना तेही तेव्हाच लेव्हल लावून बघायचं. १००० मीटरवर गोळी १० मीटर खाली पडत असेल तर १ अंशाचा कल तिला १७ सेंमी बाजूला नेतो.