जेवणघराच्या काळोख्या भिंती

पणजी-पर्वरीकडच्या नव्या फ्लॅटांत जेवणाच्या टेबलामागची भिंत हल्ली बाटलीहिरवी, शाईनिळी किंवा जांभळट काळी होऊ लागली आहे. ज्यांना रंगाने भागत नाही ते काळ्या पार्श्वभूमीवर मोठमोठ्या पानांचा वॉलपेपर लावून घेतात. घरातली जुनी माणसं विचारतात, "भिंती काळ्या कित्याक?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र इंग्लंडात जावं लागतं, कारण ही आवड घडली ती मेणबत्ती, कोळसा आणि गॅसच्या दिव्यापाशी.

सुरुवातीला जेवणघराची भिंत उघडीच होती. रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुरचनाकाराने 1773 मध्ये लिहून ठेवलं आहे की जेवणाच्या दालनात रेशमी कापडं वा पडदे लावू नयेत, कारण त्यांत अन्नाचा वास साठून राहतो. त्याऐवजी चुन्याची नक्षी, पुतळे आणि चित्रं असावीत. मांसमच्छीचा वास भिंतीला धरतो हे गोंयकाराला वेगळं सांगायला नको.

कागद तेव्हा महागही होता. लाकडी ठशांनी हाताने छापायचा, वर 1712 पासून सरकारी कर. तो कर 1836 मध्ये उठला आणि 1839 मध्ये लँकेशायरमधल्या पॉटर कारखान्याने वाफेवर चालणारं छपाईयंत्र आणलं. मग मध्यमवर्गाच्या घरातही वॉलपेपर शिरला. त्याच काळात घरांत गॅसचे दिवे आले आणि त्यांची काजळी भिंतींवर बसू लागली. दिवसाची बैठक फिकट ठेवायची आणि रात्री जेवायची खोली गडद लाल, गडद हिरवी करायची, असा रिवाज तिथे पडला. लाल भिंतीवर सोनेरी चौकटीची तैलचित्रं खुलतात, काजळी लपते आणि मिणमिणत्या उजेडात टेबलावरची चांदी तेवढी चमकते. 1877 मध्ये फ्रेडरिक वॉल्टनने लिंक्रस्टा काढलं. जवसाच्या तेलापासून केलेलं हे उठावदार आच्छादन चामड्यासारखं दिसे आणि पुसता येई.

या सगळ्याचं टोक म्हणजे लंडनमधल्या फ्रेडरिक लेलँड या जहाजमालकाचं जेवणघर. तिथल्या भिंतींवर जुनं महागडं चामडं होतं. 1876-77 मध्ये व्हिसलर या चित्रकाराने त्यावर गडद निळसर हिरवा रंग फासला आणि सोनेरी मोर रंगवले. मालकाशी पैशांवरून जुंपली, तर व्हिसलरने भांडणारे दोन मोर भिंतीवर काढून ठेवले. ती खोली आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

त्या काळच्या हिरव्या कागदांची एक काळी बाजूही आहे. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने 1775 मध्ये तयार केलेल्या हिरव्यात आर्सेनिक असे. 1890 च्या दशकात गोसियो या इटालियन संशोधकाने दाखवलं की ओलसर भिंतीवरच्या कागदाला बुरशी धरली की त्या रंगातून विषारी वायू सुटतो. ओल आणि बुरशी! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात वॉलपेपर का रुजला नाही, याचं अर्धं कारण इथेच सापडतं. चिऱ्याची भिंत ओल शोषते आणि चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. मध्ये कागद आला की तो फुगणारच.

म्हणून पोर्तुगीज काळातल्या मोठ्या घरांतला गडदपणा भिंतीवर कमी आणि सामानात जास्त: शिसवी कपाटं, कोरीव खुर्च्या, लांबलचक टेबल. भिंतींना चुन्यात कालवलेली नीळ, काव किंवा पिवळी माती. पांढरा रंग इगर्जींसाठी, म्हणजे चर्चसाठी, राखायची चाल होती. चुन्यात रंग एका मर्यादेपलीकडे घातला तर धरत नाही, हाताला लागतो; आणि जो धरतो तो वाळल्यावर फिका पडतो. आजचा शाईनिळा तेव्हा कुणाला हवा असता तरी साध्या चुन्यातून निघाला नसता. पाणी सोसणारं आच्छादन हवं तर पोर्तुगिजांकडे अझुलेजो फरशा होत्या. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात त्या निळ्या फरशांवरची चित्रं आजही पाहता येतात.

हिंदू घरांत तर सजवायला वेगळं जेवणघरच नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर पाट मांडायचे, केळीची पानं टाकायची, पंगत उठली की जागा मोकळी. रांधपाच्या कुडीतल्या भिंती चुलीच्या धुराने काळ्या होत आणि चवथीच्या आधी त्यांना चुना लागे. काळी भिंत म्हणजे सफाई करायची राहून गेलेली भिंत, हा अर्थ तिथून आला. जुन्या माणसांच्या प्रश्नामागे तोच आहे.

तरी गडद नक्षीची भिंत आपल्याला परकी नव्हती. कावी कामात चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडतात. खालचा पांढरा चुना उघडा पडून वेलबुट्टी उमटते. कोकण-गोव्यातल्या देवळांवर आणि काही जुन्या घरांवर हे काम आहे. परदेशी पानांच्या कागदासाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांना ते सुचत नाही, याचं मला नवल वाटतं.

विसाव्या शतकात वीज आली आणि युरोपातही भिंती पांढऱ्या झाल्या. गडद रंग परतला तो गेल्या दशकभरात, बराचसा फोनवरच्या फोटोंमुळे. गोव्यात त्याला प्लास्टिक पेंट, एसी आणि जुन्या घरांत थाटलेली रेस्टॉरंटं यांची साथ मिळाली. कागदही आता व्हिनाइलचा किंवा न कुजणाऱ्या नॉन-वोव्हन धाग्यांचा मिळतो. पण व्हिनाइल ओल बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे पावसाचा मारा घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तो लावणं म्हणजे मागे बुरशी पोसणं. लावायचाच तर दोन खोल्यांमधल्या कोरड्या भिंतीवर, आणि तोही पावसाळा सरून भिंत पुरती वाळल्यावर.