व्हरमाँटने रूझवेल्टना नाही म्हटलं, त्याआधीची गोष्ट

१९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जेम्स फार्ली यांनी मतदानाआधीच सांगून टाकलं होतं, की ४८पैकी ४६ राज्यं आपली. ईशान्य टोकाकडची मेन आणि व्हरमाँट तेवढी हातची जातील. ३ नोव्हेंबरला मतदान झालं आणि आकडा बरोब्बर तोच आला. इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्याराज्याला वाटून दिलेली आणि अध्यक्ष ठरवणारी मतं, ५२३ विरुद्ध ८. त्या आठांत मेनची पाच, व्हरमाँटची तीन. रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन कॅन्ससचे गव्हर्नर होते, त्यांना खुद्द कॅन्ससनेही हात दिला नाही. मेनमध्ये राज्याच्या निवडणुका तेव्हा सप्टेंबरातच उरकत, त्यामुळे 'मेन जिकडे, देश तिकडे' अशी म्हण पडली होती. निकालानंतर फार्लींनी ती फिरवली: 'मेन जिकडे, व्हरमाँट तिकडे.'

विनोद गाजला, आणि व्हरमाँटवर हट्टी म्हाताऱ्यांचं राज्य असा शिक्का बसला. हट्ट होताच. पण तो कशावर पोसला होता, हे पाहायचं तर ऐंशी वर्षं मागे जावं लागतं.

व्हरमाँटच्या १७७७च्या राज्यघटनेतच प्रौढ माणसाला गुलाम म्हणून ठेवायला बंदी होती. गुलामगिरीच्या प्रश्नावर रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि १८५६मध्ये पहिल्यांदा अध्यक्षपदासाठी लढला, तेव्हा इथल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त मतदारांनी त्याच्या पारड्यात मत टाकलं. मग यादवी युद्ध आलं. जेमतेम ३ लाख १५ हजार वस्तीच्या या राज्यातून सुमारे ३४ हजार माणसं लढायला गेली, पाच हजारांहून अधिक परतली नाहीत. पुढच्या दोन पिढ्या तरी पक्ष म्हणजे घरातली आठवण होती, जाहीरनाम्याशी तिचा फार संबंध नव्हता. १९१२मध्ये रिपब्लिकन पक्ष फुटला, देशभर त्याचे उमेदवार, अध्यक्ष टाफ्ट यांचा धुव्वा उडाला, तेव्हाही त्यांच्यामागे दोनच राज्यं राहिली: युटा आणि व्हरमाँट. तेव्हाही इलेक्टोरल मतं आठच!

राज्याची घडण या सवयीला खतपाणी घालणारी होती. विधानसभेच्या खालच्या सभागृहात प्रत्येक गावाला एक प्रतिनिधी, मग गावात काही डझन माणसं असोत की बर्लिंग्टनसारखी हजारो. त्यामुळे सत्तेच्या चाव्या डोंगरातल्या छोट्या गावांकडे, गायी-म्हशी म्हणावं तर म्हशी वगळून, दुभत्या गायींच्या मालकांकडे. दूध बोस्टन-न्यूयॉर्कला जायचं. माणसांपेक्षा गुरं जास्त, ही तिथली थट्टा आकड्यांनीही खरी होती. रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, जिंकली की खरी निवडणूक संपलीच. आणि मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा: रस्त्याला किती खर्च, शाळेला किती, सगळं हात वर करून ठरायचं. आपल्या ग्रामसभेशी तुलना करायचा मोह होतो, पण इथे कराचा दर गावकरी स्वतः लावून घेत, हा फरक मोठा.

या वातावरणाचं एक दृश्य फार बोलकं आहे. २ ऑगस्ट १९२३च्या रात्री अध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारले. उपाध्यक्ष कॅल्विन कूलिज तेव्हा प्लिमथ नॉच या व्हरमाँटमधल्या खेड्यात, वडिलांच्या घरी सुट्टीवर होते. घरात फोन नव्हता, वीज नव्हती. बातमी घेऊन माणूस आला. वडील नोटरी होते. पहाटे पावणेतीनच्या सुमारास रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्यांनीच मुलाला अध्यक्षपदाची शपथ दिली. मग अध्यक्ष परत झोपायला गेले.

चार वर्षांनी, नोव्हेंबर १९२७मध्ये, महापूर आला. ८४ माणसं गेली, त्यात खुद्द लेफ्टनंट गव्हर्नर. १,२८५ पूल वाहून गेले. या पुराबद्दल 'आम्ही आमचं आम्ही सावरलं' असं पुढे खूप सांगितलं गेलं. प्रत्यक्षात राज्याने कर्ज काढलं आणि वॉशिंग्टनचे पैसेही घेतले. १९३०च्या दशकातल्या मंदीत तर रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' या सरकारी मदत-कार्यक्रमातली, बेकार तरुणांना काम देणाऱ्या सीसीसी योजनेची पोरं विनुस्की नदीच्या खोऱ्यात पूर अडवायला धरणं बांधत होती, स्टोच्या डोंगरात बर्फावरच्या घसरणीच्या वाटा काढत होती. त्यांना कुणी हाकललं नाही.

गाडी अडली ती ग्रीन माउंटन पार्कवेवर. कल्पना विल्यम विल्गस यांची. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वे स्थानकाचे हे अभियंते निवृत्तीनंतर व्हरमाँटमध्ये येऊन राहिले होते. राज्याच्या दक्षिण टोकापासून उत्तरेला कॅनडाच्या सीमेच्या दिशेने, डोंगररांगेच्या कडेकडेने जाणारा निसर्गरम्य मोटाररस्ता. केंद्र १ कोटी ८० लाख डॉलर घालणार, राज्याने जमिनीसाठी ५ लाख द्यायचे. बेकारीच्या दिवसांत इतका पैसा, इतकं काम! व्यापारी मंडळींना ते पटलंही. पण रस्त्याबरोबर एक लांबलचक पट्टा केंद्राच्या मालकीचा होणार होता, आणि त्यावरून पर्यटकांच्या मोटारींची रीघ लागणार होती. लाँग ट्रेल ही डोंगरमाथ्यावरून राज्यभर जाणारी पायवाट जपणारा ग्रीन माउंटन क्लबही विरोधात उतरला. ३ मार्च १९३६ला, गावसभांच्या दिवशी, प्रश्न मतदारांपुढे ठेवला गेला आणि त्यांनी पार्कवे फेटाळला.

आठ महिन्यांनी लँडन यांना इथे सुमारे ५६ टक्के मतं पडली. मला नोव्हेंबरचा निकाल मार्चच्या मतदानाशेजारी ठेवूनच वाचावासा वाटतो. पक्षाची जुनी ओढ होतीच. तिला आता 'आमच्या डोंगरात वॉशिंग्टन नको' हे ताजं कारण मिळालं होतं. मात्र 'सगळं व्हरमाँट' असं म्हणताना उरलेल्या ४३ टक्क्यांना विसरू नये. विनुस्की शहरातल्या लोकरगिरण्यांत राबणारे फ्रेंच-कॅनडियन, बर्लिंग्टनचे आयरिश कॅथलिक यांचं मत रूझवेल्ट यांच्याकडे झुकलेलं होतं. एक प्रतिनिधी-एक गाव या हिशेबात त्यांचा आवाज राजधानी माँटपीलियरपर्यंत क्षीण होऊन पोचायचा, इतकंच. पुढे १९४० आणि १९४४मध्येही रूझवेल्ट यांना व्हरमाँट मिळालं नाही. चारही वेळा त्यांच्या विरोधात गेलेली राज्यं दोनच, हे आणि मेन.

नंतरचं पटकन सांगता येतं. डोंगरावरचा रस्ता झाला नाही, पण १९६०च्या दशकात खोऱ्यांतून आंतरराज्य महामार्ग आले. १९६२मध्ये फिलिप हॉफ गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले, शंभराहून जास्त वर्षांनंतर निवडून आलेले पहिले डेमोक्रॅट. १९६४मध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना नाकारून व्हरमाँटने इतिहासात पहिल्यांदा डेमोक्रॅट अध्यक्षाला, जॉन्सन यांना, मत दिलं. पुढच्याच वर्षी न्यायालयाच्या रेट्यामुळे गावागणिक प्रतिनिधीची पद्धत संपली. १९९२पासून अध्यक्षपदाला इथे रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नाही.

२०२०मध्ये बायडन यांना ५० राज्यांत सर्वाधिक टक्केवारी मिळाली ती व्हरमाँटमध्येच, सुमारे ६६. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी गव्हर्नरपदी फिल स्कॉट यांना दोन-तृतीयांशांहून जास्त मतांनी पुन्हा बसवलं. स्कॉट रिपब्लिकन आहेत.