पार्श्वभूमी : ड्राफ्ट, संघ आणि नवोदित खेळाडूचे भवितव्य

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नवोदित खेळाडूंची निवड, जवळ आला की एक वाद हमखास रंगतो. अमुक एक नवोदित चमकेल की नाही, हे त्याच्या गुणांवर ठरणार की त्याला निवडणाऱ्या संघावर? हा वाद ड्राफ्टइतका जुना नाही. तो उभा राहण्यासाठी आधी नियमांत आणि खेळाडूंच्या वयात काही बदल व्हावे लागले. ते बदल लक्षात घेतले नाहीत, तर दोन्ही बाजूंनी सोयीची नावे पुढे करण्यापलीकडे चर्चा जात नाही.

ड्राफ्टची पद्धत १९४७ पासूनची आहे. आयपीएलच्या लिलावात जास्त बोली लावणारा खेळाडू घेऊन जातो. येथे बोली नसते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेकाचे नाव घेतात आणि ज्याचे नाव घेतले त्याला या लीगमध्ये खेळायचे असेल, तर त्याच संघाशी करार करावा लागतो. सुरुवातीच्या काळात संघांना आपल्या परिसरातील खेळाडू राखून ठेवण्याची सवलत होती. ऑस्कर रॉबर्टसन सिनसिनाटीच्या विद्यापीठातून १९६० मध्ये सिनसिनाटी रॉयल्समध्ये गेला तो या सवलतीमुळेच, आणि त्यामागे तिकीटविक्रीचा हिशेब होता. १९६६ मध्ये ही सवलत संपली आणि पहिला क्रमांक दोन विभागांतील तळाच्या संघांमधील नाणेफेकीवर ठरू लागला. पहिल्या क्रमांकासाठी संघ मुद्दाम हरतात अशी ओरड वाढल्यावर १९८५ पासून सोडत आली. दुबळ्यांना बळ मिळावे हा या साऱ्याचा हेतू होता. मात्र अनेक संघ दुबळे असतात ते त्यांचा कारभार विस्कळीत असतो म्हणून, आणि त्यामुळे सर्वांत गुणी मुलगा बहुधा सर्वांत वाईट घरी जाऊन पडेल, अशी सोयही याच व्यवस्थेने करून ठेवली.

तरीही १९८४ मध्ये पोर्टलंडने मायकेल जॉर्डनला सोडून सॅम बोवीला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, तेव्हाची आणि नंतरची टीका संघाने कोणाला ओळखले नाही याभोवतीच फिरत राहिली. जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच असलेल्या त्या संघात जॉर्डन कसा घडला असता, हा प्रश्न क्वचितच कोणी गांभीर्याने घेतला. याचे कारण उघड आहे. जॉर्डन महाविद्यालयात तीन वर्षे खेळून, बराचसा तयार होऊनच आला होता.

चित्र पालटले १९९५ मध्ये, आणि तेही दोन बाजूंनी. केव्हिन गार्नेट शाळेतून थेट लीगमध्ये आला आणि त्याच्यामागून इतर अनेक जण आले. वयाची अट पुढे १९ वर्षे झाली व २००६ च्या ड्राफ्टपासून ती लागू झाली, तरी एकच वर्ष महाविद्यालयात काढून येण्याचा प्रघात पडला. जे शिक्षण पूर्वी महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाकडे होई, ते आता निवडणाऱ्या संघाच्या गळ्यात आले. दुसरी बाब पैशाची. १९९४ मध्ये ग्लेन रॉबिन्सनने मिलवॉकीकडून दहा वर्षांसाठी सुमारे ६.८ कोटी डॉलरचा करार मिळवला होता. त्यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये नवोदितांसाठी क्रमांकानुसार ठरीव वेतनश्रेणी आली. आज पहिल्या फेरीतील खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, त्यातील शेवटची दोन वर्षे चालू ठेवायची की नाही हे संघ ठरवतो, आणि त्यानंतरही दुसऱ्याने देऊ केलेली रक्कम स्वतः देऊन संघ त्याला राखू शकतो. कोवळे वय आणि बांधलेले हात हे दोन्ही एकत्र आल्यावर ‘कोणत्या संघात गेला’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने जड झाला.

खेळाडूंना व त्यांच्या प्रतिनिधींना हे लवकर उमगले. कोबी ब्रायंटच्या गोटाने १९९६ मध्ये त्याला निवडण्यापासून न्यू जर्सीच्या संघाला परावृत्त केले. शार्लटने तेराव्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा व्लादे डिवाचच्या बदल्यात लॉस एंजेलिसला गेला. १९९९ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिसने व्हँकूव्हरला जायला साफ नकार दिला आणि ह्यूस्टनशी सौदा घडवून आणला.

संघ महत्त्वाचा, असे म्हणणाऱ्यांचे सर्वांत आवडते उदाहरण डार्को मिलिचिचचे. २००३ मध्ये लेब्रॉन जेम्सनंतर दुसऱ्या क्रमांकावर, कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड यांच्या आधी, डेट्रॉइटने या १८ वर्षांच्या सर्बियन मुलाला घेतले. डेट्रॉइटला हा क्रमांक एका जुन्या सौद्यातून मिळाला होता. संघ मुळात बलाढ्य होता आणि पुढच्याच वर्षी विजेता ठरला. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांना नवशिक्याला सांभाळून घेण्याची गरज नव्हती, आणि मिलिचिच पहिला हंगामभर राखीव बाकावर बसून राहिला. एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. पण तो पुढे ऑर्लँडो, मेम्फिस, न्यू यॉर्क, मिनेसोटा असा फिरला आणि कोठेही तारा झाला नाही, हे त्याच दमात सांगायला हवे.

त्याच विजेत्या संघातील चॉन्सी बिलप्सची कथा बरोबर उलटी आहे. १९९७ मध्ये बॉस्टनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि पहिला हंगामही पुरा होऊ न देता टोरांटोला दिले. डेन्व्हर आणि मिनेसोटा करत तो २००२ मध्ये डेट्रॉइटला पोहोचला आणि २००४ च्या अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे तीच इमारत, तोच प्रशिक्षक, तोच हंगाम. एकाचे सोने झाले आणि दुसऱ्याची वाढ खुंटली. ‘चांगला संघ’ अशी सरसकट वस्तू नसते. पाच वर्षे ठेचा खाऊन आलेल्या २६-२७ वर्षांच्या गार्डसाठी (चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूसाठी) जो संघ चांगला, तो १८ वर्षांच्या सेंटरसाठी (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूसाठी) चांगला असेलच असे नाही.

सॅक्रामेंटो किंग्जचा इतिहास याहून बोलका आहे, आणि त्याला एक मुंबईचा धागाही आहे. २०१३ पासून या संघाच्या मालकीचे नेतृत्व मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतातील पहिले एनबीए सामने मुंबईत झाले, ते सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांच्यातच. २०१० मध्ये पाचव्या क्रमांकावर आलेल्या डिमार्कस कझिन्सने या संघातील सातही हंगाम पुरे न होता सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले. त्यांपैकी मायकेल मलोन यांच्याशी त्याचे सूत जुळलेले असताना डिसेंबर २०१४ मध्ये त्यांना काढण्यात आले. मलोन २०१५ मध्ये डेन्व्हरला गेले. तेथे निकोला योकिच हा त्याच वर्षी दाखल झालेला, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा आलेला खेळाडू होता.

पुढे लीगमधील अव्वल खेळाडूंत गणल्या गेलेल्या योकिचची निवड ही डेन्व्हरची दूरदृष्टी मानली जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. त्याच ड्राफ्टमधून डेन्व्हरने युसुफ नुर्किच हा दुसरा सेंटर मिळवला होता, तोही १६ व्या क्रमांकाचा, आणि प्राधान्य त्यालाच होते. मलोन यांनी दोघांना एकत्र खेळवून पाहिले. ते फसले आणि योकिच बाकावर गेला. १५ डिसेंबर २०१६ रोजी त्याला एकट्याला सेंटर म्हणून सुरुवातीला उतरवण्यात आले व संघाचे आक्रमण त्याच्या पासेसभोवती उभे राहू लागले. दोन महिन्यांत नुर्किचला पोर्टलंडला पाठवले गेले. संघाने खेळाडू घडवला असे म्हणायचे तर ते निवडीच्या रात्री घडले नाही. आपला अंदाज चुकला हे अडीच वर्षांनी मान्य करण्यात घडले. १६ व्या क्रमांकाची गुंतवणूक बाजूला सारणे हे वाटते तितके सोपे नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांच्या १९९५ मधील अभ्यासात, कामगिरी सारखी असली तरी वरच्या क्रमांकावर घेतलेल्यांना मैदानावर जास्त वेळ मिळतो, असे आढळले होते.

शिकवणीचे नेमके उदाहरण हवे असेल, तर ते सॅन अँटोनिओच्या कवाय लेनर्डचे. महाविद्यालयात त्याचे तीन गुणांचे फटके शंभरात तीसही बसत नव्हते. २०११ मध्ये १५ व्या क्रमांकावरून तो या संघात आला. नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलंड यांनी त्याचा चेंडू सोडण्याचा बिंदू खाली आणला, आणि पहिल्याच हंगामात हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या वर गेले. अर्थात लेनर्डचे प्रचंड हात आणि बचावातील चिकाटी त्याने बरोबर आणली होती. ती कोणी शिकवली नाही.

डॅलसच्या बाबतीतही हाच दुहेरीपणा दिसतो. १९९८ मध्ये नवव्या क्रमांकावरून आलेला डर्क नोविट्झकी पहिल्या हंगामात चाचपडला. संघाने त्याला वेळ दिला, जर्मनीतील त्याचे गुरू होल्गर गेश्विंडनर यांनाही सामावून घेतले, आणि २०११ मध्ये विजेतेपद आले. त्याच डॅलसने २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्याच्या वाट्याला संघाची दुय्यम लीगमधील शाखा टेक्सास लेजंड्स आली, एनबीएचा एकही सामना आला नाही.

२०२५ च्या सोडतीत फक्त १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग तेथे आला. प्रशिक्षक जेसन किड यांनी या उंच मुलाला सुरुवातीलाच पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूच्या, जागी खेळवले. मिलवॉकीत असताना यानिस अँटेटोकुनम्पोच्या हाती चेंडू सोपवण्याचा प्रयोगही किड यांनीच केला होता. फ्लॅगच्या पहिल्या हंगामाचा महिनाही पुरता झाला नव्हता, तोच नोव्हेंबरमध्ये त्याला निवडणारे सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांना संघाने पदावरून दूर केले.