डिमांड उतरली म्हणजे वीज वाचली असं नाही

शाळा, हॉस्पिटल, लायब्ररी, सरकारी ऑफिस, कुठलीही सार्वजनिक इमारत घ्या, वीज वाचवायचा विषय निघाला की किलोवॅट आणि युनिट यांची हमखास सरमिसळ होते. किलोवॅट म्हणजे इमारत आत्ता या क्षणाला किती लोड ओढतेय ते आणि युनिट म्हणजे तो लोड जितके तास चालला त्यात एकूण वीज किती गेली. 1 किलोवॅट 1 तास चालला की 1 युनिट, बास.

मोठ्या इमारतींच्या बिलात बऱ्याचदा दोन्हीचे पैसे वेगळे लागतात. किलोवॅटचे पैसे म्हणजे डिमांड चार्ज, तो साधारण महिन्यातल्या सगळ्यात जड 15 किंवा 30 मिनिटांच्या सरासरी लोडवर ठरतो, म्हणून सकाळी एसी आणि पाण्याचा पंप एकदम चालू न करता पंप दुपारी लावला की डिमांड उतरते, बिल उतरतं, सगळे खुश. पण पंपाने पाणी तेवढंच चढवलं ना, मग युनिटही तेवढेच! दुपारी ग्रिडमध्ये सोलर जास्त असेल तर त्याच युनिटमागचा कार्बन कमी पडतो, तो फायदा खरा आहे, पण वीज वाचली असं कोणी म्हणू नये.

खरी उधळपट्टी रात्री चालते. समजा दुपारी अर्धा तास लोड सगळ्यात वर, 100 किलोवॅटवर गेला, तर झाले 50 युनिट. आणि रिकाम्या इमारतीत संध्याकाळी 7 ते सकाळी 7 नुसता 12 किलोवॅट चालू राहिला तर 144 युनिट, तेही रोज, आणि आकडा छोटा दिसतो म्हणून कोणी बघतच नाही. वर्षभर अखंड चालणारा 1 किलोवॅट म्हणजे 8,760 युनिट होतात.

म्हणून सुट्टीच्या दिवशी रात्री 2 वाजताचा लोड मीटरच्या डेटात काढून बघाच. टायमर मॅन्युअलवर टाकून विसरलेला व्हेंटिलेशनचा फॅन सापडेल, वॉटर कूलर सापडेल, टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट बिघडल्यामुळे टाकी ओसंडतेय आणि पंप चालूच असंही सापडेल, म्हणजे पाणी पण गेलं आणि वीज पण. जो फॅन दिवसा लागतोच त्याचा स्पीड ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून 80 टक्क्यांवर आणला तर पॉवर जवळजवळ निम्मी होते, आणि इथे किलोवॅट आणि युनिट दोन्ही खरोखर कमी होतात.