सिलिकोसिस की क्षय? रेल्वेमार्गावरील कामगाराच्या केसपेपरवरचा एक शब्द

गोव्यातील कुळे ते कर्नाटकातील कॅसलरॉक या रेल्वेच्या घाटमार्गावर मालगाडीच्या वाघिणीतून रुळांमध्ये खडी ओतली जाते, तेव्हा पांढरट धुळीचा लोट उठतो आणि नाकाला पंचा गुंडाळलेला गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा कामगार, हातात फावडे घेऊन त्या लोटातच उभा असतो. पंचाने जाडी धूळ अडते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मात्र आरपार जातात. अशा कामात पंधरा-वीस वर्षे घालवलेला माणूस खोकला आणि धाप घेऊन दवाखान्यात गेला, की पहिला संशय क्षयाचा येतो. तो संशय रास्तच असतो, कारण क्षय आणि धुळीने होणारा सिलिकोसिस या दोन्ही आजारांत खोकला असतो, वजन घटते आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात ठिपके दिसतात.

क्षय हा जंतूंमुळे होणारा, हवेतून पसरणारा रोग आहे. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि कधी थुंकीतून पडणारे रक्त ही त्याची ओळख असून थुंकीच्या तपासणीत जंतू सापडतात आणि साधारण सहा महिन्यांच्या, सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या औषधांनी तो बहुतेकांत बरा होतो. सिलिकोसिस दगडातील स्फटिकरूप सिलिकाच्या धुळीने होतो आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्यात ताप सहसा नसतो. आधी चढावर, मग सपाटीवर आणि शेवटी बसल्या जागी दम लागतो. फुप्फुसात पडलेले व्रण कोणत्याही औषधाने पुसले जात नाहीत आणि काम सोडल्यावरही आजार वाढत राहू शकतो. सगळी खडी सारखी नसते, हेही ध्यानात घ्यावे: ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटमध्ये मुक्त सिलिका भरपूर असते, बेसॉल्टमध्ये फार कमी.

खरा घोटाळा पुढे आहे. सिलिका फुप्फुसातील रक्षक पेशींनाच निकामी करते, त्यामुळे सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोका पुष्कळ वाढतो आणि दोन्ही आजार एकाच छातीत नांदू शकतात. थुंकीत जंतू सापडले म्हणून सिलिकोसिस नाही, असे ठरत नाही. म्हणून केसपेपरवर कामगाराचा नेमका व्यवसाय आणि धुळीत काढलेली वर्षे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत, असा माझा आग्रह आहे; बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतानाही ही नोंद सोबत असावी.

कायद्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. कामगारांच्या भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी होती आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तीत सिलिकोसिस येतो. सिलिकोसिस हे असमर्थतेचे मुख्य कारण असेल तर सिलिको-क्षयही (सिलिकोसिससोबत झालेला क्षय) येतो. गँगमनचा नुसता क्षय मात्र त्या यादीत बसत नाही. अमेरिकेतील रेल्वे कामगाराला १९०८ च्या तिथल्या कायद्याखाली कंपनीचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. आपल्याकडील भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, आजार आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. कंत्राटदाराकडे राबणाऱ्याला, ते काम मूळ मालकाच्या व्यवसायाचाच भाग असेल तर, त्या मालकाकडेही भरपाई मागता येते. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) संरक्षण असलेल्याने मात्र हा मार्ग सोडून ईएसआयकडेच लाभ मागायचा असतो.

दाव्याची मुदत दोन वर्षांची असून आजारामुळे सलग कामावर जाता न आल्याच्या पहिल्या दिवसापासून ती मोजतात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. कामगार गावी परतला असल्यास राहत्या भागातही अर्ज करता येतो, ही झारखंड-कर्नाटकातून येथे येणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. हजेरीपट, पगारचिठ्ठी, गेटपास यांच्या प्रती जपाव्यात आणि जुनी एक्स-रे फिल्म कधीही रद्दीत घालू नये, कारण क्षयाचे औषध पुरे झाल्यावरही दोन्ही बाजूंचे ठिपके वाढत गेले असतील, तर ते दोन फिल्म उजेडात शेजारीशेजारी धरल्यावरच दिसते.