कमी भावाचा घोडा वारंवार जिंकतो, मग पैसे कुठे जातात?

डेसिमल पद्धतीने 1.50 भाव असलेल्या घोड्यावर 100 लावले आणि तो जिंकला, तर मुद्दल धरून 150 परत मिळतात. हरला तर 100 गेले. ना नफा ना तोटा अशी बरोबरी साधायला असे घोडे किती वेळा जिंकले पाहिजेत? एकाला भावाने भागा: 66.7 टक्के. 1.25 भावाला 80 टक्के लागतात, 1.20 ला 83.3. ‘माझे दहातले सहा घोडे येतात’ अशी फुशारकी मारणाऱ्याचा सरासरी भाव 1.50 असेल, तर तो दर शंभरामागे 10 गमावतो आहे. किती घोडे आले हा आकडा, कोणत्या भावाने आले हे सांगितल्याशिवाय निरर्थक असतो.

तरीही कमी भावाच्या घोड्यांकडे गंभीरपणे पाहण्यासारखे एक कारण आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रिफिथ यांनी 1949 मध्ये दाखवले की पैज लावणारे लोक दुबळ्या घोड्यांना त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसा देतात आणि फेव्हरिटना (शर्यतीतल्या सर्वात कमी भावाच्या घोड्यांना) कमी. पुढे अर्थशास्त्रज्ञ एरिक स्नोबर्ग आणि जस्टिन वुल्फर्स यांनी 1992 ते 2001 या काळातल्या अमेरिकी शर्यतींची 60 लाखांहून जास्त घोड्यांची नोंद तपासली. डोळे मिटून कुठल्याही घोड्यावर लावणाऱ्याला सुमारे 23 टक्के तोटा. एकास शंभर किंवा त्याहून चढ्या भावाच्या घोड्यांवर तोटा 61 टक्के. आणि प्रत्येक शर्यतीत निमूटपणे फेव्हरिट धरणाऱ्याला? सुमारे 5.5 टक्के. लहान शक्यता आपल्याला आहे त्याहून मोठी वाटते, हे त्यांच्या मते यामागचे मुख्य कारण.

इथेच बहुतेकांची गफलत होते. कमी तोटा म्हणजे नफा नव्हे. शिवाय हा कल सगळीकडे सारखा नाही. हाँगकाँगच्या शर्यतींवरच्या 1988 च्या अभ्यासात तो आढळलाच नाही.

तोटा येतो कुठून, ते बुकीच्या फळ्यावर दिसते. समजा पाच घोड्यांचे भाव 1.50, 5, 8, 12 आणि 21 आहेत. प्रत्येकाचा व्यस्त (एक भागिले भाव) काढून बेरीज केली तर 66.7, 20, 12.5, 8.3 आणि 4.8 मिळून 112 टक्क्यांवर जाते. वरचे 12 टक्के ही बुकीची जागा. हा बोजा सगळ्यांवर सारखा वाटला तर फेव्हरिटची खरी शक्यता 59.4 टक्के ठरते. दुबळ्या घोड्यांवर तो जास्त पडत असल्यामुळे प्रत्यक्षात ती 63 असू शकेल. पण बरोबरीला लागतात 66.7.

टोटमध्ये बुकी नसतो, तरी कात्री असतेच. जोसेफ ओलेर यांनी 1867 मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत सगळा पैसा एका गल्ल्यात जमतो, त्यातून ठरावीक टक्केवारी कापली जाते आणि उरलेला विजेत्यांत वाटला जातो. अमेरिकेत ही कपात पैजेच्या प्रकारानुसार साधारण 15 ते 25 टक्के असते. त्यावर आणखी एक बारीक कात्री: रक्कम खालच्या टप्प्यावर आणणे. डॉलरमागे 10 सेंटांचा टप्पा असेल तर 1.39 चे 1.30 होतात, म्हणजे 39 सेंटांच्या नफ्यातले 9 गेले. 9.79 चे 9.70 झाले तर कुणाला जाणवतही नाही. ही छाटणी जणू फेव्हरिटवाल्यांसाठीच बेतलेली आहे! केंटकी राज्याने 2022 मध्ये ती एका सेंटावर आणली. टोटमध्ये अंतिम भाव खिडकी बंद झाल्यावरच कळतो हीसुद्धा अडचण आहे. 1.60 पाहून लावले, शेवटच्या मिनिटात मोठा पैसा आला, हाती 1.40 पडला. बरोबरीची रेषा 62.5 वरून 71.4 वर गेली.

एक्स्चेंजवर, म्हणजे पैज लावणारे थेट एकमेकांशी पैज लावतात तिथे, कात्री लहान असते. जिंकलेल्या रकमेवर 5 टक्के कमिशन धरले तर 1.50 चा भाव 1.475 होतो आणि 67.8 टक्के विजय लागतात.

नफा व्हायचा तर तुमचा अंदाज बाजारापेक्षा अचूक हवा, आणि कमी भावात चुकीला जागा फारच थोडी असते. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांच्या 1956 च्या सूत्राने हे नेमके दिसते. जिंकल्यास मिळणारा निव्वळ नफा (1.50 ला 0.5) गुणिले जिंकण्याची शक्यता, वजा हरण्याची शक्यता, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच नफ्याने भागायचे. शक्यता 68 टक्के धरली तर भांडवलाचे 4 टक्के लावा असे उत्तर येते. तीच 66 धरली की उत्तर उणे, म्हणजे लावूच नका. तुमचा अंदाज अवघ्या दोन टक्क्यांनी चुकला तरी पैज फायद्याची की तोट्याची हेच बदलते. घोडा 68 टक्क्यांचा आहे की 66 चा, हे नुसत्या नजरेने सांगणारा अजून जन्मायचा आहे. म्हणून जाणकार सूत्राच्या उत्तराच्या अर्धे किंवा पावच लावतात.

हरलेला पैसा पुढच्या घोड्यावर वसूल करण्याचा मोह कमी भावात सर्वात घातक ठरतो. 1.50 ला दुप्पट करून भागत नाही, तिप्पट करावी लागते: 100, 300, 900, 2700, 8100. सलग पाच हरले की 12,100 गेले, आणि सहावी पैज 24,300 ची. हा खटाटोप अखेर 50 मिळावेत म्हणून. घोडे 63 टक्के जिंकत असतील, तर हजार पैजांत अशी पाच पराभवांची मालिका सरासरी चारेक वेळा सुरू होते.

त्यातल्या त्यात आशा आहे ती प्लेसच्या गल्ल्यात. हाउश, झिम्बा आणि रुबिनस्टाइन या संशोधकांनी 1981 मध्ये दाखवले की विनच्या (पहिला येण्याच्या) गल्ल्यातले भाव बरेच नेमके असतात, पण प्लेस आणि शोच्या (पहिल्या दोन किंवा तीनांत येण्याच्या) गल्ल्यांत काही वेळा फेव्हरिटवर प्रमाणाने कमी पैसा पडतो. एखाद्यावर विनमध्ये 40 टक्के पैसा आणि प्लेसमध्ये 25 च असेल, तर तपासण्यासारखे आहे. मात्र हे गल्ले लहान असतात. तुमचीच मोठी रक्कम पडली की फरक नाहीसा होतो. संगणकावर खेळणारे गटही तेच शोधत असतात.

आपल्याला खरेच जमते आहे का, हे नुसत्या नफ्यावरून कळायला फार वेळ लागतो. 5.5 टक्के तोट्याच्या पद्धतीने 1.50 भावाच्या 100 पैजा लावणाऱ्यांपैकी पाचात एकाहून थोडे जास्त लोक निव्वळ नशिबाने फायद्यात असतात. उलट, खरोखर 2 टक्के फायदा असला तरी तो नशिबापासून वेगळा ओळखायला जवळपास 5000 पैजा लागतात. त्यामुळे वहीत निकालाआधी तीन आकडे लिहावेत: स्वतःचा अंदाज, मिळालेला भाव आणि शर्यत सुटतानाचा भाव. 1.60 ला घेतलेले घोडे सुटताना नेहमी 1.50 वर येत असतील, तर अंदाजात काही दम आहे. ते 1.60 वरच राहत असतील किंवा 1.70 वर जात असतील, तर शंभर पैजांनंतरचा फायदा खर्च करून टाकण्याआधी विचार करावा, कारण तो बहुधा परत जाणार आहे.