इंदूरच्या छापखान्यांत विंडोज एक्सपी अजून का सुरू आहे

इंदूरमध्ये मराठी मजकूर छापून घेणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. मंडळाचा वार्षिक अहवाल असो, गणेशोत्सवाची स्मरणिका असो की मुंजीची पत्रिका, "मागच्या वेळचीच फाइल काढा, तारखा तेवढ्या बदला" असं म्हटलं की ऑपरेटर समोरच्या नव्या मशीनवरून उठतो आणि कोपऱ्यातल्या जुन्या संगणकापाशी जाऊन बसतो. "काका, फाइल आहे, पण ती याच मशीनवर उघडते." त्या मशीनवर विंडोज एक्सपी, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं २००१चं विंडोज असतं, एखाद्या ठिकाणी विंडोज ९८ सुद्धा.

याला कंजूषपणा म्हणणारे भेटतात. ऑपरेटरला नवं शिकायचं नाही, असंही ऐकू येतं. मला दोन्ही निदानं चुकीची वाटतात. ते मशीन जिवंत ठेवलं जातं, कारण वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर त्यात अडकून पडला आहे. तो तिथे का अडकला, हे कळायला देवनागरी संगणकावर कशी आली इथपासून सुरुवात करावी लागते.

सुरुवात तशी चांगली झाली होती. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाल्यावर ते तिथे पुढे गेलं आणि जिस्ट कार्ड घराघरांत नाही तरी कार्यालयांत पोचलं. संगणकात बसवायचं हे वेगळं कार्ड डॉसच्या पडद्यावर देवनागरी दाखवत असे. १९९१ साली इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून जाहीर झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरच बेतलेली होती. दोन्हींचं तत्त्व एकच होतं: संगणकाने अक्षर साठवायचं, त्याचा आकार नव्हे. ‘क’ला एक क्रमांक, वेलांटीला एक क्रमांक; ती पडद्यावर डावीकडे दिसेल की उजवीकडे, हे ठरवण्याचं काम सॉफ्टवेअरचं.

छपाईचा धंदा मात्र दुसऱ्या वाटेने गेला. खिळे जुळवण्याचं काम संपून डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं ते पेजमेकर हे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर आणि विंडोज यांच्या जोडीने. त्या काळच्या विंडोजला देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. एका फॉन्टमध्ये जेमतेम दोन-सव्वादोनशे जागा आणि त्या सगळ्या रोमन लिपीसाठी आखलेल्या. मग त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले गेले. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला तर संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं असतात. ‘म’ म्हणजे ई, काना म्हणजे के. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप करायची, कारण कागदावर ती आधी दिसते. टाइपरायटरवरून आलेल्या हातांना हे सोयीचं होतं आणि कामही सुरेख निघायचं. फॉन्ट काढून घेतला की मागे उरतो तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग.

त्यात प्रत्येक कंपनीची कोष्टकं वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीची एक, सी-डॅकच्या आयएसएमची दुसरी, कृतिदेवची तिसरी, चाणक्यची चौथी. एकातला मजकूर दुसऱ्यात नेला की नुसता गोंधळ.

इंदूरची अडचण याहून थोडी निराळी आहे. होळकरांच्या राजवटीमुळे मराठी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, पण १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि शहर हिंदी राज्यात राहिलं. डीटीपीवाल्यांचं पोट हिंदी कामावर चालतं, म्हणून त्यांच्याकडे कृतिदेव आणि चाणक्य पक्के असतात. या हिंदी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळत नाहीत. मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. म्हणून ज्या छापखान्यांकडे मराठी मंडळांचं, शाळांचं, देवस्थानांचं काम येत असे, त्यांनी मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर वेगळे पैसे मोजून घेतलं. हे काम गणपती ते दिवाळी एवढ्या हंगामातच जोरात असतं. एवढ्याशा कामासाठी दर चार वर्षांनी नवी आवृत्ती घेणं कुणालाच परवडणारं नव्हतं, त्यामुळे एकदा जमलेली घडी तशीच राहिली. पुण्या-मुंबईत मराठी कामाचा ओघ मोठा म्हणून बदल लवकर झाला. इथे तो लांबला यात छापखानेवाल्यांचा दोष नाही.

विंडोजमध्ये खरी देवनागरी आली ती २००० साली, विंडोज २००० आणि मंगल फॉन्टसोबत. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या एक्सपीतही ती होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनलमध्ये भाषांच्या पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करायची, मग मशीन एक्सपीची सीडी मागणार, ती घालून फाइली उतरल्या की पुन्हा सुरू करायचं, तेव्हा कुठे मराठी नीट दिसायचं. सीडी हरवलेली असली तर सगळंच अडायचं. हे दिव्य पार पाडूनही पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं ते नव्हतंच. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१चीच आणि ती बनवणाऱ्या ॲडोबीने तोवर इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरवर भर द्यायला सुरुवात केली होती.

अशा रीतीने एक्सपीवर सगळं एकत्र जमलं: पेजमेकर, जुने फॉन्ट, प्लेटसाठी बटर पेपरवर ट्रेसिंग काढणारा लेझर प्रिंटर आणि कुलूप. या कुलपाकडे बाहेरच्यांचं सहसा लक्ष जात नाही. मराठी सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून त्यासोबत एक छोटा ठोकळा मिळत असे. तो संगणकामागच्या पॅरलल पोर्टमध्ये लावायचा आणि त्याच्याच पाठीला प्रिंटरची केबल जोडायची. ठोकळा नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. नव्या मदरबोर्डवर पॅरलल पोर्ट येईनासा झाला. बाजारात यूएसबीला पॅरलल प्रिंटर जोडायची केबल मिळते, पण तिला फक्त प्रिंटर समजतो, कुलूप नाही. शिवाय त्या कुलपाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, ३२ बिटांचा. ६४ बिटांचं विंडोज तो स्वीकारत नाही. एका डबीएवढ्या वस्तूवर अख्ख्या छापखान्याचं मराठी काम अवलंबून असतं, आणि ती तुटली की नवी मिळत नाही.

एक्सपीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं, मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. त्यानंतरही हे विंडोज किती खोल रुजलेलं होतं ते एटीएमवरून कळतं: बँकांनी एटीएममधून एक्सपी काढावं, म्हणून रिझर्व्ह बँकेला जून २०१८मध्ये परिपत्रक काढून जून २०१९पर्यंतची मुदत द्यावी लागली. छापखान्याला असा आदेश कोण देणार? पण मे २०१७मध्ये वॉनाक्राय पसरला, तेव्हा धोका सगळ्यांनाच कळला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा प्रोग्राम विंडोजच्या फाइल वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतल्या, म्हणजे एसएमबी-१ मधल्या छिद्रातून एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता. आधार संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने तातडीने दुरुस्ती दिली, यावरून प्रसंग ओळखावा.

त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबी-१ मुळातच बंद असते. एक्सपीला तेवढी एकच पद्धत येते. त्यामुळे दुकानातलं जुनं मशीन नव्याला दिसेनासं झालं. यावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो: नव्या मशीनवर एसएमबी-१ पुन्हा सुरू करायचं. कृपा करून हे करू नका. असं केल्याने जुन्या मशीनचा धोका नव्याच्या गळ्यात पडतो, आणि नव्यावर दुकानाचा हिशेब, जीएसटी, ग्राहकांची कागदपत्रं सगळं असतं. फाइल पेनड्राइव्हने नेणं हळू असेल, पण ते परवडतं.

इंटरनेटचंही तसंच. एक्सपीच्या स्वतःच्या सुरक्षा-घटकाला टीएलएस, म्हणजे संकेतस्थळाशी सुरक्षित बोलण्याच्या पद्धतीच्या १.० या आवृत्तीपलीकडे जाता येत नाही, तर आजच्या संकेतस्थळांना किमान १.२ लागतं. क्रोमची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती ४९, फायरफॉक्सची ५२. सप्टेंबर २०२१मध्ये संकेतस्थळ खरं आहे हे ब्राउझर ज्यावरून ओळखतो असं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि तोवर कशीबशी उघडणारी असंख्य पानंही जुन्या मशीनवर बंद झाली. हौशी प्रोग्रामरांनी यावर मनापासून मेहनत घेतली आहे; क्रोमियमवर आधारलेला सुपरमियम हा ब्राउझर आजची पानं एक्सपीवर उघडतो. या मंडळींबद्दल मला आदर आहे. तरीही छापखान्याच्या मशीनला इंटरनेटची केबल लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे इंटरनेटचं काहीच काम नाही.

लोखंडाचा, म्हणजे हार्डवेअरचा प्रश्न मात्र सुटण्याजोगा आहे. बरेचदा बिघाड अगदी साधा असतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपतो, घड्याळ मागे जातं आणि मशीन सुरू होताना अडून बसतं. काही रुपयांत काम होतं. हार्ड डिस्क करकरायला लागली तर एसएसडी बसवता येते, पण दोन गोष्टी सांभाळून. एक्सपीला साटा डिस्कशी बोलण्याचा एएचसीआय हा नवा प्रकार कळत नाही, म्हणून बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, तो बदलून आयडीई हा जुना प्रकार करावा लागतो. दुसरं, एक्सपी डिस्कचा पहिला भाग ६३व्या सेक्टरपासून पाडतं, आणि चार-चार किलोबाइटच्या ठोकळ्यांत लिहिणाऱ्या एसएसडीला ही सुरुवात आडवी येते, ती मंदावते. भाग आधी नव्या विंडोजवर किंवा लिनक्सवर पाडून घेतले की हा त्रास होत नाही. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये या कामातले जाणकार भेटतात. प्रश्न नीट सांगितला पाहिजे, नाहीतर "नवा घेऊन टाका" हेच उत्तर मिळतं.

लोखंड किती दिवस टिकवणार, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. व्हीएमवेअरने १९९९ साली साध्या संगणकावर दुसरा अख्खा संगणक चालवून दाखवला, २००७ साली व्हर्च्युअलबॉक्स खुला झाला, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोज ७सोबत ‘एक्सपी मोड’ देऊन वाट मान्य केली. जुनी डिस्क काढून तिची जशीच्या तशी प्रतिमा घ्यायची आणि ती आभासी यंत्राला जोडायची. पहिल्यांदा सुरू करताना निळा पडदा येण्याची दाट शक्यता असते, कारण एक्सपीला डिस्कचा बदललेला नियंत्रक ओळखू येत नाही. आभासी डिस्क आयडीई प्रकारची ठेवली आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, आयडीईचा साधा ड्रायव्हर आधीच चालू केलेला असला तर ते पार पडतं. यूएसबीचं कुलूप असेल तर ते आभासी यंत्राच्या हवाली करता येतं. पॅरलल पोर्टचं असेल तर मूळ मशीनच सांभाळावं लागतं, किंवा पॅरलल पोर्टचं पीसीआय कार्ड घालता येईल असा त्यानंतरचा एखादा संगणक शोधावा लागतो. आभासी यंत्राचं नेटवर्क बंद ठेवावं, आणि सगळं नीट चालतंय असं दिसताच त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी.

हे पुढे ढकलण्यासारखं नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ३२ बिटांचं विंडोज त्याच्याबरोबर गेलं. विंडोज ११ फक्त ६४ बिटांचं आहे. विंडोज ९५च्या जमान्यातले १६ बिटांचे प्रोग्राम थेट चालवण्याची सोय आता चालू विंडोजमध्ये उरलेली नाही.

आणि एवढं करूनही मजकूर सुटलेला नसतो, त्याची कोठडी फक्त नव्या घरात हलते. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइनच्या सीएस ६ (२०१२) पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडत. पुढे ती सोय गेली. म्हणून चालू एक्सपीचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच, की तिथे फाइल उघडून मजकूर बाहेर काढायचा आणि त्याचं युनिकोड करायचं. श्री-लिपीसारख्यांची स्वतःची रूपांतराची साधनं आहेत, कृतिदेवसाठी फुकट मिळतात. वेलांट्या आणि रफार जागेवर आणणं ही साधनं बऱ्यापैकी करतात. गडबड होते ती मराठीच्या खास जागांवर. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली साधनं बरेचदा ‘ऱ्य’चा ‘र्य’ करतात. दऱ्यांचं पाणी दर्यात जातं, आचाऱ्यांना मानपत्र द्यायचं ते आचार्यांना मिळतं. शिवाय हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात आणि शोध घेताना एक सापडतो, दुसरा निसटतो. एका संस्थेच्या सगळ्या फाइलींसाठी एकच तऱ्हा आधी ठरवून घ्यावी. रूपांतरानंतर ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेला प्रत्येक शब्द शोधून तपासावा, आणि ते काम ऑपरेटरवर न सोपवता मंडळात प्रूफं पाहणाऱ्या काकूंकडे द्यावं. छापील जुना अंक शेजारी ठेवून त्या एका बैठकीत जेवढं निवडतील तेवढं कुठलंही साधन निवडत नाही.